सामुदायिक मळा व जबाबदारीचा विमा

देगलूर तालुक्यासारख्या भागात लहान खातेदारांनी एकत्र येऊन विहीर, पंप, ट्रॅक्टर किंवा भाजीपाल्याचा मळा सामाईक चालविणे हितावह होय. शासनाच्या २०१७ च्या गटशेती योजनेने या विचारास चालनाही दिली. गट स्थापन होताना बियाणे, खते, कर्ज व पीकविमा यांची सविस्तर चर्चा होते. परंतु गटाच्या मळ्यात एखाद्या परक्या माणसास इजा झाली, तर भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

पीकविमा पिकाचे नुकसान भरून देतो. अपघात विमा जखमी माणसास किंवा त्याच्या वारसास ठरावीक रक्कम देतो. जबाबदारीचा विमा या दोहोंहून निराळा आहे. आपल्या हयगयीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते व जे भरून देण्यास कायदा आपणांस बांधतो, त्या देण्याचा भार तो उचलतो.

आपल्या राज्यात २००५ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना होती. २०२३ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेखाली विमा कंपनीऐवजी शासनच सानुग्रह अनुदान देते. मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात. ही सोय चांगली आहे. तथापि तिचा लाभ १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांनाच आहे. निंदणीस आलेली भूमिहीन बाई, माल भरावयास आलेला हमाल, शेजाऱ्याचे मूल यांपैकी कोणीही त्यात बसत नाही. म्हणजे मळ्यात जे रोज राबतात, तेच बहुधा उघडे राहतात.

४ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतकामास निघालेल्या मजूर स्त्रियांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून सात जणी मृत्यू पावल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या होत्या. शासनाने वारसांना साहाय्य जाहीर केले. परंतु असे साहाय्य ही सरकारची सहानुभूती होय. त्यामुळे वाहनाच्या किंवा जागेच्या मालकाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. ती कोणाची व किती, हे न्यायालयच ठरवते.

आता समजा, लेंडीकाठच्या एका गावी पंधरा जणांनी मिळून दोन एकर भाजीमळा केला आहे. विहिरीस कठडा नाही, मोटारीची तार जुनी आहे. वाटसरू पाणी पिण्यास वळला व विजेच्या धक्क्याने दगावला. गटाची केवळ नावनोंदणी झाली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने गट ही स्वतंत्र व्यक्ती नव्हे; दावा सभासदांवर व्यक्तिशः येऊ शकतो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था किंवा उत्पादक कंपनी असेल, तर देणे संस्थेचे ठरते. तरीही ज्याची हयगय सिद्ध झाली तो सभासद सुटत नाही, आणि संस्थेची गंगाजळी एका दाव्यातच संपू शकते.

शेततळ्याविषयी दोन जुने निकाल जाणून घेण्याजोगे आहेत. इंग्लंडमधील एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची चूक नसतानाही तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १८६८ साली त्यास जबाबदार धरले. पुढे १८७४ साली कार्वेटनगरच्या जमीनदाराचे सिंचनाचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. त्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने मात्र जमीनदारास मुक्त केले. कारण असे तलाव हे या देशातील शेतीचे आवश्यक अंग आहेत व त्याने निगा राखण्यात कसूर केलेली नव्हती. आपल्या दृष्टीने या दुसऱ्या निकालातील निगेचा मुद्दा महत्त्वाचा. निगा राखली हे दाखविता आले पाहिजे. म्हणून बांधाची डागडुजी, तळ्याभोवतीचे कुंपण, काठावर बांधलेला दोर यांची तारीखवार नोंद ठेवावी. अस्तराच्या तळ्यात पडलेल्यास निसरड्या प्लास्टिकवरून वर येता येत नाही. कुंपण नसलेले तळे ठेवणे ही हयगयच म्हटली पाहिजे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थांचा विमा सक्तीचा केला आहे. पण शेतीकामाच्या ट्रॅक्टरवर किंवा ट्रॉलीत माणसे बसविली, तर त्यांची भरपाई विमा कंपनी बहुधा नाकारते. अशा प्रकरणी कंपनीने आधी पैसे द्यावेत व मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असे आदेशही न्यायालयांनी दिलेले आहेत. म्हणजे अखेर भार मालकावरच!

रोजंदारांचा विषय वेगळा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात यंत्रशक्तीच्या अवजारांवर शेतीकाम करणारा मजूर अंतर्भूत होता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून मालकाने भरपाई देण्याचे तत्त्व कायम आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे येथे आठवावे. सार्वजनिक जबाबदारीच्या साध्या विमापत्रात स्वतःचे मजूर सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी निराळे विमापत्र घ्यावे लागते.

ब्रिटनमध्ये भाजीपाल्याचे वाफे भाड्याने कसणाऱ्या नागरिकांच्या संस्था सर्रास असा विमा उतरवितात. आपल्याकडे सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे याची चौकशी करता येते. विमापत्र घेताना एका घटनेची व वर्षाची कमाल मर्यादा, स्वतः सोसावयाची रक्कम, आणि वगळलेल्या बाबी वाचून घ्याव्यात. शेततळे, विहीर, वीजपंप व फवारणी यांचा उल्लेख अर्जात स्पष्ट करावा. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी अंगाशी येते. वकिलाचा खर्च अंतर्भूत आहे की नाही, हेही विचारावे.

एक अडचण आपल्या गावरीतीतून उद्भवते. अपघात झाला की चार प्रतिष्ठित चावडीवर बसून रक्कम ठरवितात व कागद लिहून देतात. विमापत्रात बहुधा अशी अट असते की, कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये अथवा तडजोड करू नये. तेव्हा जखमीस तत्काळ रुग्णालयात न्यावे, पोलिसांस व कंपनीस लेखी कळवावे, पंचनामा होईपर्यंत जागा हलवू नये, आणि देण्याघेण्याचा कागद मात्र लिहू नये. जखमीस औषधोपचार देणे म्हणजे जबाबदारी कबूल करणे नव्हे. भीतीपोटी त्यात कोणी विलंब करू नये.

हप्ता सभासदांनी जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्यावा व तसा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. गटाच्या व ट्रॅक्टरच्या विम्याची मुदत ज्या दिवशी संपते, ती तारीख चिटणिसाने मळ्यावरील फलकावर लिहून ठेवावी.