अंगणातले तळे आणि त्याचा सांडवा

मुलांनो, मागच्या अंगणात छोटेसे तळे असावे असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. जागा शोधताना आपले बोट बहुधा सर्वांत सखल कोपऱ्याकडे जाते. पाणी तिथे आपोआप जमते ना! पण तळ्यासाठी तीच जागा सर्वांत वाईट. का ते पाहू.

आधी थोडे गणित. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट खोल तळ्यात ८० घनफूट, म्हणजे सुमारे ६०० गॅलन पाणी मावते. आता १००० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर पाणी होते सुमारे ६२० गॅलन. म्हणजे एका पावसात अख्खे तळे भरून वाहील!

हे पाणी एकटे येत नाही. हिरवळीवरचे खत, कीटकनाशक आणि माती बरोबर आणते. खतावर शेवाळ माजते. ते मरून कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. शिवाय सखल जागी जमिनीखालचे पाणी वर चढते आणि तळ्याचे रबरी अस्तर पुरीसारखे फुगवते.

म्हणून जागा थोडी उंचावरची निवडावी. तिथे रोज पाच-सहा तास ऊन हवे, म्हणजे कमळे फुलतील. मोठी झाडे दूर असावीत, नाहीतर पाने पडून कुजतात.

आता बांधणी:

१. अमेरिकेत खणण्यापूर्वी काही दिवस आधी ८११ या क्रमांकावर फोन करावा. जमिनीखालच्या गॅसच्या व विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून मिळतात.

२. तळ्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा तीन-चार इंच उंच ठेवावा. चढाच्या बाजूला उथळ चर खणून वाहते पाणी बाजूला वळवावे.

३. काठ सगळीकडे सारखा हवा. आपल्याकडचे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघतात. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. आपणही तसेच करावे.

४. एका जागी काठ इंचभर खाली ठेवावा. हा सांडवा. त्यातले पाणी झाडांच्या वाफ्यात सोडावे. घराच्या पायाकडे किंवा शेजाऱ्याच्या तळघराकडे नव्हे.

महाराष्ट्रातल्या धरणांना आणि पाझर तलावांनाही सांडवा असतो. तो नसेल तर पाणी मातीच्या बांधावरून वाहते आणि बांध फुटतो. तेव्हा पाणी जाण्याची वाट आधी ठरवावी, मग खणायला घ्यावे.

पालकांनो, लहान मुलांना काही इंच पाणीही धोक्याचे असते. कुंपणाबद्दल आपल्या गावाचे नियम जरूर विचारा.

शब्दार्थ
सखल : आजूबाजूपेक्षा खालच्या पातळीवरचे
चर : लांबट, अरुंद खड्डा
सांडवा : जादा पाणी बाहेर जाण्याची वाट
गवंडी : भिंती बांधणारा कारागीर

गृहपाठ
१. अस्तराची लांबी = तळ्याची लांबी + खोलीची दुप्पट + २ फूट. रुंदीही तशीच काढतात. वरच्या तळ्याला केवढे अस्तर लागेल?
२. पुढच्या पावसात खिडकीतून पाहा. अंगणात पाणी कुठून कुठे जाते, त्याचा नकाशा काढा आणि नावे मराठीत लिहा.