प्रौढ वयातील डिस्लेक्सियाची पारख

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून बरे गुण मिळविलेला मुलगा महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथांशी गाठ पडताच मागे पडू लागला, की त्याचे इंग्रजी कच्चे आहे किंवा वसतिगृहाच्या मोकळिकीत त्याचे अभ्यासावरून लक्ष उडाले आहे, असा निकाल देऊन पालक मोकळे होतात. परंतु याखेरीज आणखी एक कारण संभवते, आणि ते म्हणजे डिस्लेक्सिया, अर्थात बुद्धीत उणेपणा नसतानाही लिखित अक्षरांवरून ध्वनी जुळविण्याच्या क्रियेत मुळापासून असलेली अडचण. मराठी बव्हंशी लिहिल्याप्रमाणे वाचली जात असल्यामुळे असा विद्यार्थी ती सावकाश का होईना, पण बरोबर वाचतो आणि त्याची संथ गती स्वभाव म्हणून खपून जाते. इंग्रजीत एकेका अक्षराचे अनेक उच्चार होत असल्याने इतकी वर्षे झाकलेली अडचण तेथे उघडी पडते.

‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आल्यापासून उलटी अक्षरे काढणारे लहान मूल हीच याची खूण, असे लोकांच्या मनात ठसले आहे. विशीतल्या तरुणाची लक्षणे निराळी असतात. तो तोंडी परीक्षेत चमकतो आणि लेखी परीक्षेत त्याला वेळ पुरत नाही. एकच परिच्छेद तीनतीनदा वाचतो. अर्ज जागेवर न भरता घरी घेऊन जातो, आणि चारचौघांत मोठ्याने वाचण्याचा प्रसंग शिताफीने टाळतो. हा दोष पुष्कळदा घराण्यात उतरतो. मुलाच्या तपासणीसाठी आलेल्या वडिलांनाच आपण शाळेत खाल्लेल्या छड्यांचे खरे कारण तेथे उमगावे, असेही घडते.

तपासणीपूर्वी दृष्टी व श्रवण यांची खातरजमा करून घ्यावी. त्यानंतर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बालपणाची हकीकत विचारतो, जुन्या वह्या व प्रगतिपुस्तके चाळतो, बुद्धिमापन करतो, आणि मग ‘बमेटी’, ‘टोशकी’, ‘झुपारम’ अशा धर्तीचे निरर्थक शब्द वाचावयास देतो. एरवी पहिल्या अक्षरावरून तर्क करून ‘प्रशासन’चे ‘प्रकाशन’ वाचून पुढे सरकणारा तरुण येथे अडखळतो, कारण तर्काला आधार देणारा अर्थच तेथे नसतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, परंतु ती प्राथमिक शाळेतील मुलांसाठी. म्हणून प्रौढाची परीक्षा कोणत्या भाषेत आणि कोणत्या वयोगटाच्या प्रमाणांवरून केली, हे परीक्षकास निःसंकोचपणे विचारावे. मोबाइलवरील प्रश्नावलीने शंका उत्पन्न होईल. निदान होत नाही.

खासगी अहवाल आणि सरकारी दाखला यांत फरक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला असून, ४० टक्के वा अधिक अक्षमतेचा दाखला असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत वयाच्या ८, १४ व १८ व्या वर्षी तपासणी होऊन अखेरचा दाखला आजन्म चालेल, अशी तरतूद होती. सबब सध्याचा नियम विचारून घेऊन अठरा वर्षे पूर्ण होताच हे काम हाती घ्यावे. टक्केवारी चाळिसाच्या आत आली तरी हताश होऊ नये, कारण लेखनिकाची सवलत तेवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

माझी सर्वांत कळकळीची विनंती अभ्यासक्रम निवडण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कलचाचणीविषयी आहे. घड्याळ लावून घेतलेल्या छापील कलचाचणीत या विद्यार्थ्याच्या कलापेक्षा त्याच्या वाचनाच्या वेगाचेच मोजमाप अधिक होते, आणि त्या आकड्यांवर विसंबून कायदा, इतिहास किंवा वैद्यक यांचे दार त्याला नाहक बंद केले जाते. वाचनाची तपासणी आधी व्हावी. मग तीच कलचाचणी वाढीव वेळ देऊन, अथवा प्रश्न वाचून दाखवून घ्यावी, आणि समुपदेशक यास तयार नसेल तर दुसरा शोधावा.