गव्हाचं रोप आणि ‘ये’

चिनी शिकायला लागून मला बारा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात ‘लाय’ हे अक्षर भेटलं, अर्थ ‘येणे’. त्याने जे शिकवलं, ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहितो.

१. गोड गोष्टींवर विसंबू नका. जुन्या वळणाच्या ‘लाय’मध्ये मधोमध झाड आणि दोन्ही बाजूंना ‘माणूस’ हे चिन्ह दिसतं. ‘झाडाखाली दोन माणसं आली, म्हणून येणे,’ असं मला वर्गात सांगितलं होतं. लक्षात पक्कं राहिलं, पण ते खोटं. ते झाड म्हणजे गव्हाचं रोप, आणि ती माणसं म्हणजे त्याची झुकलेली पानं. ‘येणे’चं चित्र काढणार कसं? म्हणून मिळत्याजुळत्या उच्चाराच्या गव्हाचं चित्र उसनं घेतलं, ते कधी परत गेलंच नाही. गव्हासाठी मग रोपाखाली पाऊल असलेलं ‘माय’ हे अक्षर रूढ झालं. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शनने आपल्या कोशात ‘गहू आकाशातून आला, म्हणून येणे’ असं लिहिलं. गहू चीनमध्ये खरोखरच बाहेरून आला, पश्चिम आशियातून. तरी या अक्षराचा उलगडा उच्चारातच आहे.

२. जुनं रूप एकदा तरी गिरवा. १९५६ साली लिपी सोपी करण्याची योजना आली. आज ‘लाय’च्या ८ ऐवजी ७ रेघा काढतात, पण त्यात गहू दिसत नाही. हनान प्रांतात आनयांगला सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर कोरलेल्या लेखांत तो स्पष्ट दिसतो. त्यांतल्या एका लेखात प्रश्न आहे : आज पाऊस पश्चिमेकडून येईल, की पूर्वेकडून, उत्तरेकडून, की दक्षिणेकडून? प्रत्येक प्रश्नात ‘लाय’. त्या लेखाचा ठसा पाहिल्यावर मी हे अक्षर पुन्हा पहिल्यापासून गिरवलं.

३. अर्थ आपल्या बोलीत शोधा, पण जपून. हाक आली की चिनी माणूस जागचा हलण्याआधीच ‘लाय ल’ म्हणतो, अगदी आपल्या ‘आलो!’सारखं. पण ‘वो लाय’, म्हणजे शब्दशः ‘मी येतो’, याचा अर्थ अनेकदा ‘राहू दे, मी करतो’ असा होतो. आपण मात्र ‘येतो’ म्हणून निघतो!

४. पुस्तक मिटून खायला जा. शीआनमधल्या एका छोट्या दुकानात मी ‘मला एक वाडगा नूडल्स हव्या आहेत’ असं घोकलेलं वाक्य म्हटलं. शेजारच्या आजोबांनी आत मान वळवून एवढंच म्हटलं : ‘लाय ई वान म्येन.’ एक वाडगा नूडल्स येऊ दे! आपण मिसळ मागवतो तसं. आतून उत्तर आलं, ‘लाय ल!’ आणि पाठोपाठ वाफाळता वाडगा.

नूडल्सच्या जुन्या अक्षरात डावीकडे गहू आहे, आणि त्या गव्हात वरच्या बाजूला ‘लाय’.