अंगण नसलेल्या शहरात मोटारीची धुलाई

मोटारीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत गाडी धुण्याची कृती दिलेली असते. तिचे पहिले वाक्य बहुधा असे असते, की प्रथम नळीने भरपूर पाणी सोडून गाडीवरील धूळ व चिखल वाहून जाऊ द्यावा. हे वाक्य लिहिणाऱ्याने घरापुढे फरसबंद जागा, तिच्या कडेला नळ आणि नळाला बारा महिने पाणी गृहीत धरलेले असते. गिरगावातील वा लालबागमधील चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि रात्री जागा मिळेल तेथे, कधी दोन गल्ल्या पलीकडे, गाडी उभी करणाऱ्या गृहस्थाला त्या वाक्याचा काहीच उपयोग नसतो. त्याला बादली जिन्याने खाली न्यावयाची असते, पादचाऱ्यांच्या पायांवर पाणी उडू द्यावयाचे नसते आणि हे सर्व सकाळचे पाणी बंद होण्यापूर्वी उरकावयाचे असते. पुण्यातील पेठांमध्ये किंवा ठाण्या-डोंबिवलीच्या गृहनिर्माण संस्थांमध्येही परिस्थिती फारशी निराळी नाही.

तथापि अशा ठिकाणीही स्वतःची मोटार स्वतः आणि चांगली धुता येते. किंबहुना थोड्या पाण्यात केलेली धुलाई, ती रीतीने केल्यास, नळीच्या धुलाईइतकीच रंगाला मानवते. मात्र त्यासाठी पाणी, धूळ आणि फडके या तिन्हींचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे.

बादली आणि नळी

घरगुती अर्ध्या इंची नळीतून, दाब बरा असल्यास, मिनिटाला साधारणपणे १२ ते १५ लिटर पाणी वाहते. नळी दहा मिनिटे चालू राहिली, म्हणजे १२० ते १५० लिटर पाणी खर्ची पडते. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण मानले जाते. म्हणजे नळीखालील एका मोटारीने एका माणसाचे दिवसभराचे पाणी घेतले. याउलट दोन बादल्या आणि एक फवारा यांच्या साह्याने तीच मोटार २५ लिटरांत धुऊन निघते. चाळीस मोटारी असलेल्या एखाद्या संस्थेत दर आठवड्याला प्रत्येक गाडीमागे ११० लिटर वाचले, तर चार आठवड्यांत १७,६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे पावणेदोन टँकर वाचतात. उन्हाळ्यात टँकरचे देयक भरणाऱ्या संस्थांच्या चिटणीसांना या हिशेबाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मुंबईपुरते पाहिले, तर प्रश्न केवळ पैशाचा नाही. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहराला मिळू लागले, तेव्हापासून मुंबईची तहान उत्तरोत्तर दूर दूर जात राहिली. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेला मध्य वैतरणा अशा सात जलाशयांवर आज शहर अवलंबून आहे. विहार व तुळशी वगळता बाकीचे सर्व जलाशय शहराबाहेर ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ मुलखात आहेत. साठ्यापैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मोठ्या वाहिन्यांतून शुद्ध होऊन शहरात आलेले हे पाणी मोटारीच्या छतावरून थेट गटारात जाते, तेव्हा ते कोणाच्या दारावरून आले आहे, याची जाणीव नळी धरणाऱ्याला क्वचितच असते.

पाण्याची वेळ किती बिकट होऊ शकते, हे महाराष्ट्राने २०१६ च्या एप्रिलमध्ये पाहिले आहे. त्या वर्षी मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. मार्च २०२४ मध्ये बंगळूर शहरात पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींतही सार्वजनिक रस्त्यावर वाहने धुण्याबद्दल दंडाची तरतूद करण्यात आली. म्हणून रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्याने ओली धुलाई शक्यतो संस्थेच्या वा परिचिताच्या आवारात करावी आणि रस्त्यावर केवळ ओलसर फडक्याने पुसण्यावर भागवावे, हे श्रेयस्कर.

धूळ ही खरी शत्रू

पुष्कळांची अशी समजूत असते, की पाणी कमी पडल्यामुळे रंगाची चमक जाते. वास्तविक चमक घालवते ती धूळ, आणि तीही कोरड्या फडक्याच्या संगतीने. आजकालच्या मोटारीवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक लाखेसारखा थर असतो. त्याची जाडी सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. शहरातील धुळीत बांधकामांची वाळू, सिमेंट आणि रस्त्याची खडी यांचे बारीक कण असतात. यांतील गारेचे कण या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने बोनेटवरून गोल गोल हात फिरविला, म्हणजे हे कण फडक्याखाली सापडून कानशीसारखे काम करतात. काळ्या वा गडद निळ्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती अशीच उमटलेली असतात.

इमारतीत गाड्या पुसावयास येणाऱ्या कामगाराला याबद्दल दोष दिला जातो. तो योग्य नाही. सकाळी सातच्या आत वीस-पंचवीस गाड्या उरकावयाच्या आणि हाताशी एक बादली व एक फडके, अशा स्थितीत कोणीही याहून वेगळे करू शकणार नाही. आठवड्याची धुलाई स्वतः करणाऱ्या मालकाने त्याचा रोजगार तोडण्याऐवजी आपल्या गाडीपुरती दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी त्याच्या हवाली करावीत. पाण्याची बादली दर तीन-चार गाड्यांनंतर बदलण्याची सोय संस्थेने केल्यास त्याचेही काम सुकर होईल.

प्रत्यक्ष कृती

गाडी सावलीत आणि बोनेट थंड असताना धुवावी. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो व डाग राहतात. साहित्य थोडेच लागते. दहा-बारा लिटरांच्या दोन बादल्या, कुंड्यांवर फवारणी करण्याचा दोन लिटरांचा हातपंप, एक मऊ हातमोजा अथवा स्पंज, चाकांसाठी निराळे जुने फडके आणि पुसण्यासाठी मोठा मायक्रोफायबर टॉवेल.

प्रथम हातपंपाने छतापासून खालपर्यंत गाडी भिजवावी आणि तीन-चार मिनिटे थांबावे. नळीच्या धारेचे काम येथे वेळ करतो. धूळ भिजून सुटी होते आणि वाळलेला चिखल मऊ पडतो. पक्ष्यांची विष्ठा असल्यास तिच्यावर ओले फडके ठेवून ती आधी भिजवावी, खरवडू नये. तिच्यातील आम्ल उन्हात रंगाचा थर खाते, म्हणून ती आठवड्याच्या धुलाईपर्यंत राहूही देऊ नये.

नंतर एका बादलीत मोटारीसाठी मिळणारा सौम्य शांपू घालावा. दुसऱ्या बादलीत निव्वळ पाणी ठेवावे. हातमोजा शांपूत बुडवून गाडीचा एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून पिळावा आणि त्यानंतरच पुन्हा शांपूत घालावा. या साध्या क्रमाने कचरा दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाऊन बसतो आणि पुन्हा रंगावर येत नाही. वीस मिनिटांनी त्या बादलीचा तळ पाहिल्यास या खटाटोपाचे कारण आपोआप कळते. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल नव्हे. आधी छत, मग काचा, बोनेट व डिकी, त्यानंतर दरवाजांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी बंपर व दरवाजांची खालची कड. एक भाग झाला, की हातपंपाने वा तांब्याने तो लगेच धुऊन काढावा. चाके अखेरीस निराळ्या फडक्याने धुवावीत, कारण त्यांवर ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा थर असतो.

कपड्यांच्या धुलाईची पूड वापरण्याचा मोह टाळावा. ती क्षारयुक्त असून मेणाचा संरक्षक लेप काढून टाकते. टायर काळे दिसावेत म्हणून रॉकेल लावण्याची जुनी सवय तर निखालस घातक, कारण रॉकेलाने रबर फुगते व कमकुवत होते. इंजिनाच्या पेटीतही पाणी सोडू नये. तेथील विद्युत जोडण्यांना ओलावा सोसत नाही, आणि ओलसर फडके तेथे पुरेसे होते.

शेवटचे पाणी कोणते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. कूपनलिकेचे वा टँकरचे जड पाणी गाडीवर वाळले, तर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि काही दिवसांत ते पक्के बसतात. घरात वातानुकूलन यंत्र असल्यास त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी साठवावे. ते हवेतील बाष्पाचेच पाणी असल्याने जवळजवळ क्षाररहित असते आणि दमट हवेत एका रात्रीत काही लिटर सहज जमते. शेवटच्या खळबळीसाठी याहून चांगले पाणी शहरात विकतही मिळणार नाही. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी मात्र अधिक क्षारयुक्त असते. ते पायपुसण्या व टायर यांसाठी ठेवावे. कोणतेही पाणी वापरले, तरी गाडी वाऱ्यावर वाळू न देता टॉवेलने टिपून घ्यावी. त्यानंतर थोडे अंतर सावकाश चालवून ब्रेक दोन-तीनदा हलके दाबावेत, म्हणजे तबकड्यांवरील ओल निघून जाते.

सांडपाणी व शेजारी

मुंबईत रस्त्याकडेच्या जाळ्या बहुतांशी पर्जन्यजलवाहिन्यांच्या असतात. त्यांतील पाणी शुद्धीकरण केंद्राकडे न जाता नाल्यांतून खाडीला वा समुद्राला मिळते. बादलीच्या तळाचा गाळ व साबण तेथे ओतू नये, न्हाणीघराच्या मोरीत ओतावा. काही धुलाईद्रव्यांत फॉस्फेट असते आणि ते जलवनस्पतींना खतासारखे मानवते. मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णी पाहणाऱ्या पुणेकरांना हे वेगळे पटवावे लागणार नाही. पुढच्या रविवारसाठी भरून ठेवलेल्या उघड्या बादल्याही धोक्याच्या. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते.

संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून आवाराचा एखादा कोपरा, एक वेगळा नळ आणि ‘केवळ बादली’ असा नियम ठरविल्यास तंटे कमी होतील. शेजाऱ्याच्या ओल्या झालेल्या वर्तमानपत्रावरून सुरू झालेली भांडणे उपनिबंधकांपर्यंत गेल्याशिवाय मिटत नाहीत, असा पुष्कळ चिटणिसांचा अनुभव असेल.

पावसाळा आणि दसरा

पावसाळ्यात निसर्ग पहिली भिजवण फुकट करून देतो. जोराची सर ओसरताच हातमोजा फिरविल्यास एक बादली पुरते. हलक्या शिडकाव्याने मात्र धूळ धुऊन न जाता तिचे ठिपके होतात. या दिवसांत चाकांवरील मडगार्डच्या आतील चिखल आणि पुढील काचेच्या बुडाशी साचलेली पाने हाताने काढावीत. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती बुजली, तर गंज आतून सुरू होतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण खारी हवा गंजाला मदत करते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शहरातील प्रत्येक नळाशी बादल्यांची रांग लागते. ज्यांना शक्य असेल त्यांनी धुलाई दोन दिवस आधी उरकावी व दसऱ्याला सकाळी केवळ ओलसर फडके फिरवावे. झेंडूच्या माळेसाठी तारेऐवजी सुती दोरा वापरावा, म्हणजे बोनेटवर ओरखडे पडत नाहीत. हळदकुंकू थेट रंगावर न लावता क्रमांकाच्या पाटीवर अंक न झाकता कडेला लावावे आणि माळ दुसऱ्या दिवशी सकाळी, फुले ओली असतानाच, उतरवून ठेवावी.