ट्रकचालक आणि मोबाईल : पाच सेकंदांचा हिशोब

आज एक साधं गणित करू. ताशी ६० किमी वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जातो. मेसेज वाचायला चालकाने पाच सेकंद मान खाली घातली, तर ट्रक सुमारे ८३ मीटर जातो, तोही रस्ता न बघता! शिवाय मालाने भरलेला ट्रक ब्रेक दाबल्यावर कारइतका लवकर थांबत नाही.

ब्लूटूथवर बोललं तर? हात मोकळे राहतात, पण मन बोलण्यात गुंततं. डोळे उघडे असूनही समोरचं लक्षात येत नाही.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली. कलम १८४ नुसार गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं म्हणजे धोकादायक वाहन चालवणं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण फोन करतो कोण? बऱ्याचदा मालकच विचारतो, "गाडी कुठं पोचली?" अमेरिकेत २०१२ पासून व्यावसायिक चालकांना फोन हातात धरायला बंदी आहे आणि तिथे कंपनीलाही दंड होतो.

तुमचे बाबा, काका गाडीवर असतील तर आधी विचारा, "गाडी चालू आहे का?" 'हो' म्हणाले की लगेच फोन ठेवा.

गृहपाठ : वेग ताशी ८० किमी असेल, तर पाच सेकंदांत ट्रक किती मीटर जाईल?