सोनेगावपर्यंतचा रस्ता

विमानातल्या भांडणाचा व्हिडिओ मोबाइलवर आला की आमच्या रामाकोन्यात, सौंसरात, पांढुर्ण्यात एकच निकाल लागतो : "त्यापेक्षा आपली गाडी बरी बाप्पा." मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी मुंबईत, नातवाचं बारसं तिकडेच. पूर्वी नागपूरला जाऊन रेल्वे धरायची, एवढाच मार्ग होता. आता नागपूरचं सोनेगाव विमानतळ पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे, दारात चारचाकी आहे, समृद्धी महामार्गही झाला आहे. त्यामुळे निवड करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा हिशेबाने न होता त्या व्हिडिओने होते. माझं म्हणणं थोडक्यात असं की विमानातला गोंधळी प्रवासी हा त्रास आहे, कधी अपमान आहे, क्वचित सरळ गुन्हा आहे. पण त्याला घाबरून गाडी काढणारा माणूस छोटं संकट टाळून मोठ्याच्या वाटेला लागतो. विमानात दारू पिऊन आलेल्याला आवरायला माणसं नेमलेली असतात. रस्त्यावर स्टेअरिंगच त्याच्या हातात असतं.

या विषयातलं मराठी मुलखाचं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण कुणा दारुड्याचं नाही, एका खासदाराचं आहे. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड एअर इंडियाच्या विमानाने पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस क्लासचं, आणि त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. दिल्लीत पोचल्यावर ते विमानातून उतरेनात, आणि समजूत घालायला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी चपलेने मारलं; मारल्याचं त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यांसमोर सांगितलं. विमान कंपन्यांनी त्यांना दारं बंद केली, त्यांना रेल्वेने मुंबई गाठावी लागली, आणि खेदाचं पत्र दिल्यानंतर ७ एप्रिलला बंदी उठली. या प्रकरणात विमान जमिनीवर उभं होतं आणि कुणाच्याही जिवाला उड्डाणात धोका नव्हता. राग होता तो मान न मिळाल्याचा. डीसेलीस आणि नॉर्टन या अभ्यासकांनी २०१६ मध्ये असं मांडलं होतं की ज्या विमानात पहिल्या वर्गाची वेगळी खोली असते, तिथे मागच्या वर्गातल्या भांडणांची शक्यता जवळपास चौपट होते. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेप घेतले आहेत, म्हणून चौपटीचा आकडा मी छातीठोक सांगणार नाही. पण लग्नाच्या पंगतीत कुणाला आधी वाढलं यावरून रुसणारी माणसं आपण पाहतोच. विमानात ती पंगत पट्ट्याने बांधून बसवलेली असते, इतकंच.

गायकवाड प्रकरणानंतर, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने गोंधळी प्रवाशांसाठी नियम केले. शिवीगाळ, धमकावणारे हातवारे, दारूच्या नशेतला धिंगाणा ही पहिली पायरी, त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी. ढकलणं, मारणं, लैंगिक छळ ही दुसरी, सहा महिन्यांपर्यंत. विमानाच्या यंत्रणेची नासधूस, वैमानिकाच्या कक्षात घुसणं, जिवावरचा हल्ला ही तिसरी. तिथे बंदी किमान दोन वर्षांची. कोणती पायरी हे ठरवायला निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती. पोलिसांत गुन्हा वेगळा. आता रस्त्याकडे पाहा. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. पण सापडला तर. सावनेरच्या पुढे ढाब्यावर दोन पेग मारून निघालेल्याला अडवायला तिथे कोण बसलं आहे? देशांतर्गत विमानात तर दारू मिळतही नाही. पिऊन चढलेला असेल त्याला दारातच थांबवता येतं.

गोंधळ होतो तरी किती, हेही पाहू. विमान कंपन्यांच्या आयाटा या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये सरासरी ४८० उड्डाणांमागे गोंधळी प्रवाशाची एक घटना नोंदली गेली. आदल्या वर्षी ती ५६८ उड्डाणांमागे एक होती, म्हणजे प्रमाण वाढतं आहे, हे लपवायचं कारण नाही. एका विमानात दीडशे माणसं धरली तर बहात्तर हजारांत एक. शिवाय यातल्या बऱ्याच घटना पट्टा न बांधणं, शौचालयात विडी-सिगारेट ओढणं, सांगितलेलं न ऐकणं, अशाच असतात. व्हिडिओ मात्र मारामारीचा फिरतो. सगळ्यांत घाबरवणारी गोष्ट म्हणजे दार उघडणारा प्रवासी, आणि हे उदाहरण तर आपल्या नागपूरचंच आहे : २४ जानेवारी २०२३ रोजी नागपूर-मुंबई विमान उतरत असताना एकाने इमर्जन्सी दाराचं झाकण काढायचा प्रयत्न केल्याचा गुन्हा मुंबईत नोंदला गेला. विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब इतका असतो की ते दार माणसाच्या ताकदीने उघडतच नाही. उतरताना, जमीन जवळ आल्यावर, हा दाब कमी होतो. दक्षिण कोरियात २६ मे २०२३ रोजी तसं घडलंही : जमिनीपासून दोनशेएक मीटरवर असताना एशियाना कंपनीच्या विमानाचं दार एकाने खरोखर उघडलं. उघड्या दारानिशी विमान उतरलं. काहींना श्वासाचा त्रास झाला म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. जीव एकाचाही गेला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला रास्त वाटतो. मरण हाच काय तो धोका आहे का? एकट्या प्रवास करणाऱ्या बाईच्या शेजारी नशेतला माणूस बसला, तर बहात्तर हजारांत एक हा आकडा तिच्या काय कामाचा? नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका सहप्रवाशाने वृद्ध महिलेच्या अंगावर लघवी केली. त्याहून वाईट हे की कर्मचाऱ्यांनी प्रकरण आपसात मिटवण्याकडे नेलं. पोलिसांत गुन्हा नोंदायला जानेवारी उजाडला. पण पुढे जे झालं तेही लक्षात ठेवावं : प्रवाशाला अटक झाली, चार महिन्यांची विमानबंदी झाली, डीजीसीएने कंपनीला तीस लाखांचा दंड केला, वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित केला. हे सगळं त्या बाईंनी लेखी तक्रार लावून धरली म्हणून. तेव्हा आपल्या लेकीसुनांना सांगायचं ते असं : जागा बदलून मागायला लाजू नका, बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवा, स्वतः वाद घालत बसू नका, त्यांनी "जाऊ द्या" म्हटलं तरी तक्रार लेखी द्या, उतरण्यापूर्वी जवळच्या एकदोघांचे नंबर घ्या, आणि माफीनाम्यावर समेट करायची घाई करू नका. रात्रीच्या खासगी बसमध्ये असला प्रकार झाला, तर एवढी साखळी तिथे उभी राहील का, याचाही विचार करावा.

आता आपली गाडी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, दिवसाला साडेचारशेहून जास्त. रस्त्याने जाणारे विमानवाल्यांच्या कितीतरी पट आहेत, मेलेल्यांत दुचाकीवाले आणि पायी चालणारे फार आहेत, तेव्हा ही तुलना सरळ नाही, असं कुणी म्हणेल. मान्य. म्हणून गाडीच्या आतलाच आकडा घेऊ : त्याच वर्षी पट्टा न बांधल्याने १६,७१५ जण गेले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे चालक नव्हते, बसलेले होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी महागातली होती, दिवस होता, मद्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे मागच्या सीटवर चौघं कोंबून, मांडीवर लेकरू घेऊन, पायाशी लोणच्याची बरणी ठेवून जातात, आणि वर म्हणतात की विमानात जिवाला घोर लागतो.

समृद्धीवर न समोरून गाडी येते, न गुरं आडवी येतात. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, म्हणून भीती नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ आदळून पेटली आणि २५ जण गेले. सरळपणा हाच त्या रस्त्याचा फसवा गुण आहे. आमचा सिल्लेवानी घाट चालकाला झोपू देत नाही, वळणावळणावर जागं करतो. तासन् तास एकसारखा डांबर-काँक्रीटचा पट्टा डोळ्यांपुढून सरकत राहिला की मेंदू मिटतो. विमानाच्या वैमानिकाने किती तास काम करायचं, मध्ये किती विश्रांती घ्यायची, हे नियमाने ठरलेलं असतं आणि शेजारी दुसरा वैमानिक असतो. आपला जावई मात्र दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला स्टेअरिंगवर बसतो आणि आपण त्याचं कौतुक करतो.

मग अहमदाबादच्या विमान अपघाताचं काय, हा प्रश्न येणारच. १२ जून २०२५ ला विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ आणि खालचे १९ गेले. त्या दृश्याने ज्यांची छाती धडधडते त्यांना भित्रे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण अमेरिकेत २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर लाखो लोकांनी विमान सोडून मोटार धरली, आणि गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार पुढच्या बारा महिन्यांत त्यापायी रस्त्यांवर सुमारे सोळाशे माणसं जास्त मेली. ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाहीत, कारण ती एकेकटी, वेगवेगळ्या वळणांवर मेली. आमच्या नागपूर रस्त्यावर मेलेल्यांची बातमीही आतल्या पानावर चार ओळींची असते.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मी गाडीवाल्यांशी भांडणार नाही. पाच जणांचं कुटुंब, दिवाळीचं भाडं, संत्र्याच्या दोन पेट्या, म्हातारीचं गाठोडं, एवढं घेऊन विमान परवडत नाही, आणि पंधरा किलोच्या वरचं सामान निघालं की काउंटरवरच वाद सुरू होतो. छिंदवाडा, बैतूल, अमरावती यांसाठी तर विमानाचा विचारच नको. पैसा हे कारण खरं असेल तर गाडी काढावी, किंवा नागपूरहून रेल्वे धरावी, जी मला अजूनही सगळ्यांत शहाणी वाटते. गाडीच काढायची तर उजेडात निघावं, दोन चालक असावेत, मागचे पट्टे सीटखालून बाहेर काढावेत. फक्त "विमानात लोक भांडतात" हे कारण पुढे करू नये.

आणि गोंधळी प्रवासी म्हणजे नेहमी दुसराच, हाही एक भ्रम आहे. आमच्या भागाची बोली शेताच्या बांधावरून हाक मारायची. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि त्या हिंदीत "आप"पेक्षा "तुम" जास्त. आपल्याला ते साधं बोलणं वाटतं, विमानातल्या कर्मचारी पोरीला दटावणी वाटते. तिथे आवाज एक पट्टी खाली आणावा, ही सूचना मी नवख्यांना आवर्जून करतो. बॅगेत काय आहे विचारलं तर "बॉम्ब आहे" अशी गंमत करू नये. १४ नोव्हेंबर २०२४ ला नागपूर-कोलकाता विमान बॉम्बच्या नुसत्या सूचनेवरून रायपूरला उतरवलं गेलं, झडतीत काही निघालं नाही, आणि सूचना देणारा प्रवासी अटकेत गेला. इमर्जन्सी दाराजवळची जागा मिळाली तर पाय पसरायला मिळतात म्हणून खूश होण्याआधी कर्मचारी काय सांगते ते ऐकावं. घरच्या पहिल्यांदा जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती जागा घेऊच देऊ नये.

हे सगळं मान्य केलं तरी एक तुकडा उरतो, आणि हिशेबात तो कुणी धरत नाही. रामाकोन्याहून विमानाने जाणाऱ्याच्या प्रवासातला सगळ्यांत धोक्याचा भाग म्हणजे रामाकोना ते सोनेगाव. पहाटेचं विमान म्हणून रात्री दोनला निघायचं, लोधीखेड्यापासून पुढे कारखान्यांचे ट्रक, हंगामात संत्र्याच्या गाड्या, हिवाळ्यात धुकं. यावर उपाय आहेत : दुपारचं विमान दोनशे-चारशे जास्त देऊन घ्यावं, नाहीतर आदल्या संध्याकाळी नागपूरला पाहुण्यांकडे टेकावं. आणि पोचवायला जो गेला त्याचं काय? आत गेलेल्याचं विमान कुठवर आलं हे घरातली पोरं मोबाइलवर नकाशात बघत बसतात. त्याच वेळी त्याला सोडून परत फिरलेला भाऊ एकटाच, रात्रभर जागलेला, केळवदच्या पुढे डुलक्या खात येत असतो. त्याला सोनेगावलाच दोन तास गाडीत झोपायला सांगावं, आणि उजाडल्यावरच निघ म्हणावं.