गरम कढी आणि आईस्क्रीमचा डबा

अगं, रात्री अकरा वाजता कुणी असा मेसेज टाकतं का? म्हणे, ‘ताई, घरातले सगळे प्लास्टिकचे डबे फेकून देऊ का?’ नको गं बाई. आधी बस, चहा घे. स्टीलच्या पेल्यात घे, म्हणजे झालं.

खरं सांगू का, हा वेडेपणा मी करून बसलेय. एका दुपारी माळा रिकामा करून दोन पोती डबे भंगारवाल्याला दिले आणि सासूबाईंचे वर्षाचे सांडगे त्यातच गेले! त्याआधी मात्र वर्षानुवर्षं उकळती कढी आईस्क्रीमच्या डब्यात ओतत होते. डबा वाकायचा, हळदीने पिवळा पडायचा, तरी मला अक्कल येत नव्हती.

बघ, प्लास्टिकमधली मुख्य भानगड दोन रसायनांची. एक बीपीए. ते कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, म्हणजे वीस लिटरच्या पाण्याच्या जारसारख्या वस्तूंत. दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांवरही असू शकतं. दुसरे थॅलेट्स, मऊ, लवचिक प्लास्टिकमधले. दोघंही आपल्या हार्मोनच्या कामात लुडबुड करतात. आणि पदार्थ गरम किंवा तेलकट असला की डब्यातून अन्नात उतरणं त्यांना सोपं जातं. आईस्क्रीमच्या डब्यात बहुधा बीपीए नसतं, पण तो उकळत्या कढीसाठी बनवलेलाही नसतो.

आता प्लास्टिकमुळे तुझं ‘ड’ जीवनसत्त्व कमी झालं का, ते बघू. 2016 साली अमेरिकेत साडेचार हजारांहून जास्त प्रौढांच्या तपासण्यांवरचा अभ्यास आला. लघवीत ही रसायनं जास्त, तर रक्तातलं ‘ड’ थोडं कमी, असं त्यात दिसलं. बीपीएच्या बाबतीत तर विशेषतः बायकांमध्ये. पण दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं ठरत नाही. सकाळी आठला रिक्षात बसतेस, अंधार पडल्यावर घरी येतेस. डब्यांना दोष देण्याआधी जरा ऊन तरी अंगावर घे! अंड्याचा बलक खा, चालत असेल तर बांगडा, तारली खा. आणि ‘ड’ची पुडी डॉक्टरांना विचारूनच, हं. ते अंगात साठून राहतं, जास्त झालं तर त्रास देतं.

आणि एक दिलासा ऐक. पोटात गेलेलं बहुतेक बीपीए दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. म्हणजे काल काय खाल्लं याचा घोर लावून घेऊ नकोस. रोज नव्याने किती घ्यायचं, ते तुझ्या हातात आहे.

म्हणून एकच कर: गरम आणि प्लास्टिक यांची सोयरीक मोड. ऑफिसचा डबा स्टीलचा. मायक्रोवेव्हमध्ये काच नाहीतर चिनी मातीचं भांडं. हॉटेलातून आमटी आणायची तर पिशवीत बांधून नको, घरून डबा ने. पावती भाजीच्या पिशवीत कोंबू नकोस. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं, आणि तुला ते जमेल. पोरांच्या परीक्षा आणि ऑफिस एकत्र सांभाळतेस, मग हे काय अवघड आहे?

पोहे, साखर, पापड त्या डब्यांत खुशाल राहू देत. कोरड्या, गार जिन्नसाशी त्यांचं फारसं वैर नाही. आणि काही टाकायचंच झालं, तर आधी झाकण उघडून आत बघ गं. सांडग्यांवरून मी अजून ऐकून घेतेय.